सातवं गाव

यंत्र सुरू झालं ते तिच्या डाव्या अंगठ्याला आधी कळलं. जेवणाची सुट्टी होती. चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत काचा घासायचं चाक नुकतंच थांबलं होतं आणि पाण्याच्या नळीतून अजून एकेक थेंब पडत होता. डबा खाऊन झाल्यावर तिनं पिशवीतून ते राखाडी, विटेएवढं जड खेळणं काढलं, पाठीमागचं झाकण उघडलं, चार सेल बसवले आणि वरच्या कडेचं बटण सरकवलं. काही होणार नाही अशी तिची खात्रीच होती. पण पिवळट हिरवा पडदा थरथरला, एक बारीक सूर वाजला, आणि तिनं काही विचार करायच्या आत अंगठा दोनदा खाली आणि एकदा उजवीकडे दाबला गेला. पडद्यावरची गॉगल लावलेली मुलगी टुणकन उडी मारून आपल्या खोदयंत्रात बसली. चौतीस वर्षांनी. इतकी वर्षं ही हालचाल हातात कुठं पडून होती, तिला कळेना. समोरच्या टेबलावर फ्रेमचे स्क्रू लावणारे मास्तर स्वतःच्या चष्म्यावरून बघत म्हणाले, काय हो, मोबाईल बिघडला का? तिनं सांगितलं, नाही, दादाचं जुनं खेळणं आहे. ती उठून पाणी प्यायली, तोंडावरून हात फिरवला आणि सुट्टीची अजून दहा मिनिटं उरलेली असताना चाक पुन्हा सुरू केलं.

खेळणं आदल्या संध्याकाळी वहिनीनं दिलं होतं. दादाला बोलायला शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या की त्याच्या लहानपणातलं काहीतरी आणा, हाताळता येईल असं. वहिनीनं माळा धुंडाळला. जुन्या हिशेबाच्या वह्या निघाल्या, तुटकी बासरी निघाली, आणि मोज्यात गुंडाळलेलं हे. वहिनी म्हणाली, तुमचं दोघांचं आहे म्हणे, चालतं का बघा. दादाला तीन महिन्यांपूर्वी झटका आला होता. तो बसस्थानकावर घोषणा करायचा. काचेच्या खोलीत बसून एकवीस वर्षं त्यानं गाड्यांची नावं, वेळा आणि फलाट सांगितले. शहरातल्या निम्म्या लोकांना त्याचा आवाज ठाऊक होता, चेहरा कुणाला नाही. त्या सकाळी घोषणा मध्येच तुटली. माइक बिघडला असेल म्हणून सगळे वर कर्ण्याकडे बघत राहिले. शेवटी चहा द्यायला गेलेल्या माणसानं त्याला खुर्चीत वाकडं झालेलं पाहिलं. जीव वाचला. उजवा हात, उजवा पाय आणि सगळे शब्द गेले. सगळे नाही, एक राहिला. ‘फलाट.’ पाणी हवं असलं की फलाट, पंखा बंद कर म्हणायचं असलं की फलाट, आणि रडू आलं तरी फलाट, फलाट. बाई म्हणाल्या, असं होतं. एखादाच शब्द मागं राहतो आणि सगळ्या कामांना तोच जुंपला जातो. समजतं त्यांना बरंचसं, फक्त बाहेर येत नाही. हळूहळू दुसरे येतीलही, कधी येतील ते सांगता येत नाही. पहिल्यांदा तो शब्द ऐकला तेव्हा तिला हसू आलं होतं. त्या हसण्याची लाज नंतर किती दिवस तिच्या अंगात चावत होती.

हे खेळणं मामानं आणलं होतं. मामा मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होता आणि आई दवाखान्यात आहे कळल्यावर रजा काढून आला होता. बहिणीला बघून परतल्यावर तो बराच वेळ मोरीत तोंड धूत राहिला आणि मग काय बोलावं ते न सुचून त्यानं बॅगेतून हे काढून दोघा भावंडांच्या पुढ्यात ठेवलं. जपानातल्या बंदरावर घेतलंय म्हणाला, तिकडे ही कार्टून मालिका रोज संध्याकाळी लागते, पोरं ताटावरून उठून जातात. मालिका या दोघांनी कधीच पाहिली नाही. खेळाबरोबर एक पातळ पुस्तिका होती, तिच्यात मालिकेतली टिकलीएवढाली रंगीत चित्रं होती, आणि बाकी सगळी ती जपानी अक्षरं. मग नावं यांनीच ठेवली. मुलगी ती गॉगलवाली. तिच्याबरोबरचा लांब नाकाचा मेकॅनिक तो नाकाड्या. जमीन उकरत जाणारं त्यांचं यंत्र म्हणजे चिचुंद्री. जमिनीखाली एकाखाली एक अशी गावं होती, आणि चिचुंद्रीत बसून या दोघांना खाली खाली जायचं होतं. कशासाठी, ते त्या अक्षरांत असणार. ती तेव्हा सात वर्षांची, दादा तेरा. दर गावात कुणीतरी भेटायचं, पडद्याच्या तळाशी ओळी उमटायच्या, आणि दादा त्या ओळींखालून नख फिरवत अर्थ सांगायचा. तुला कसं येतं, असं तिनं एकदाच विचारलं. तो म्हणाला, मोठ्या मुलांना शाळेत असतं. नाकाड्या त्यांच्या गणिताच्या सरांसारखा नाकातून बोलायचा: “बाई, हातचा विसरलात, आता चिचुंद्री पुढं जायची नाही.” तिसऱ्या गावातला म्हातारा तळमजल्यावरच्या काकांसारखा प्रत्येक वाक्याला खाकरायचा. ती हसून हसून आडवी व्हायची. बाबा दवाखान्यातून यायचे तेव्हा दोघं भिंतीला टेकून, एकाच रजईत, हिरव्या उजेडात तोंडं घालून बसलेली असायची, आणि बाबा दारातच थोडं थांबून मग चप्पल काढायचे. एकदा तिनं विचारलं, गॉगलवाली एवढ्या खाली कशाला चाललीय? दादानं बराच वेळ नख एकाच ओळीवर धरलं. मग म्हणाला, औषध पोचवायला. कुणाला? ते इथं दिलेलं नाही, तो म्हणाला, पुढच्या गावात असेल.

दुकान सुटल्यावर ती रोज दादाकडे जायची, आता खेळणं घेऊन जायला लागली. पहिल्या दिवशी दादानं ते मांडीवर घेतलं आणि बराच वेळ नुसता डाव्या हातानं चाचपत राहिला. मग बटण सरकवलं. सूर वाजला तशी वहिनी कणीक मळायची थांबून स्वयंपाकघराच्या दारात आली. दादाचा डावा अंगठा दिशेच्या बटणावर बरोबर बसला, पण उडी मारायचं आणि उकरायचं बटण उजवीकडे, आणि उजवा हात उशीवर ठेवलेला, जसा ठेवावा तसा राहणारा. ती त्याच्या उजव्या बाजूला सरकून बसली आणि आपला अंगठा तिकडे ठेवला. दोघांचं मिळून एक माणूस झालं. पहिली चार वेळा चिचुंद्री खडकावर आपटून फुटली. तिला आधी वाटलं, हाताला सवय राहिली नाही. मग तिच्या लक्षात आलं की डावीकडून येणारी वटवाघळं तो लांबून चुकवतो आणि उजवीकडून येणारी त्याला शेवटपर्यंत दिसतच नाहीत. नजरेचा उजवा अर्धा भागही गेला होता. डॉक्टरांच्या कागदात ते कुठंतरी लिहिलेलं असणार, पण घरात कुणाला समजलं नव्हतं. वहिनीला वाटत होतं की ताटातली उजवीकडची भाजी त्याला आवडत नाही. चष्म्याच्या दुकानात वीस वर्षं ती स्वतः लोकांच्या बुबुळांमधलं अंतर मोजत होती, काचेचा मध्य ठिपक्यानं खुणावून फ्रेमला बसवत होती. याला कुठलीच काच उपयोगाची नसते, हे तिला ठाऊक होतं. ती सांगू लागली, दादा, उजवीकडून खडक, दादा, शिडी आहे, थांब. पुढच्या खेपेला ते पहिलं गाव ओलांडून गेले. पडद्याच्या तळाशी ओळी उमटल्या. दादानं त्यांच्याखाली नख ठेवलं आणि वाचायला लागला. “फलाट,” तो नाकातून म्हणाला, अगदी गणिताच्या सरांसारखा, “फलाट फलाट, फलाट.” आणि थांबून तिच्याकडे बघितलं. चाल तीच होती, खोच तीच होती, शेवटच्या शब्दावर आवाज वर नेऊन सोडायची लकब तीच. तिनं ओठ घट्ट मिटले आणि मग अर्थ सांगितला. बाई, हातचा विसरलात, म्हणतोय. दादा हसला. अर्ध्या तोंडानं हसला. वहिनी पिठाच्या हातांनीच आत निघून गेली.

खेळण्याच्या पोटातला जपून ठेवायचा सेल कधीच मेला होता, त्यामुळे काल कुठवर आलो ते त्याला आठवत नसे. रोज पहिल्या गावापासून सुरुवात. तिला ते बरंच वाटायचं. कारण सातव्या गावापर्यंत पोचायची तिला भीती वाटत होती, आणि ती भीती तिनं दादापासून लपवली होती. सातव्या गावात तिचा तो गुरुवार होता. आई गेली त्या दिवशी सकाळी दादानं तिला शेजारच्या काकूंच्या घरी नेऊन सोडलं. खेळण्यात नवे चार सेल घातलेले होते. एरवी नव्या सेलांसाठी आठवडाभर हट्ट करावा लागायचा. तो दारात उभा राहून म्हणाला, मुंगे, सातवं गाव संपव, मी येतोच. दादा तिला मुंगीच म्हणायचा. ती बसली खेळत. जिन्यात माणसांची ये-जा झाली, काकूंनी तिला दोनदा दूध दिलं, दोन्ही वेळा तिच्या डोक्यावरून हात फिरवला. सातवं गाव अवघड होतं, पाण्यानं भरत जाणारं. ती दुपारपर्यंत बुडत राहिली आणि पुन्हा सुरू करत राहिली. संध्याकाळी सगळं उरकलेलं होतं. दादा आला, तिच्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, आई गेली. मग म्हणाला, शांत दिसत होती, झोपल्यासारखी. सात वर्षांच्या मुलीला त्यातलं एवढंच नीट कळलं की यानं पाहिलं आणि मला नेलं नाही. मला खेळण्यात गुंतवून ठेवलं आणि हा गेला. हे तिनं पुढं कधीच सोडलं नाही. मोठेपणी दोघांत भांडण असं कधी झालं नाही, जाणं-येणं होतं, एकमेकांच्या अडीअडचणीला धावणं होतं, पण ती त्याच्याशी हातचं राखून वागायची. बाबा गेले तेव्हा तिनं चारचौघांत त्याला ऐकवलं, या वेळी मला आधी कळवलंस, उपकार झाले. दादानं मान खाली घातली. तो काही बोलला नाही याचाही तिनं अर्थ लावला. बोलायला तोंड नाही, असा.

आठवड्याभरात ते पाचव्या गावापर्यंत सहज जायला लागले. दादाचा चेहरा सुधारला. शिकवणाऱ्या बाई खूश होत्या, म्हणाल्या, आवाजात चढउतार आलेत, हे चांगलं लक्षण आहे. त्या शुक्रवारी ती पोचली तेव्हा वहिनी खिडकीशी बसून दादाच्या डाव्या हाताची नखं कापत होती. वहिनी तिला अजून वन्सं म्हणायची. लग्नानंतर थट्टेनं सुरू केलं आणि मग तेच राहिलं. सोमवारी पुन्हा तपासणीला मोठ्या दवाखान्यात न्यायचं होतं, त्याची चिंता वहिनी बोलून दाखवत होती. तिथल्या वासानंच यांना धडकी भरते, जिन्यापासून मागं ओढायला लागतात. मग नेलकटरवरची नजर न काढता म्हणाली, “आईंच्या वेळेला तरी कुठं जाऊ शकले होते. तुम्ही काकूंकडे खेळत होतात ना, वन्सं, तर हे बाहेर जिन्यातच बसून राहिले दिवसभर.”

वहिनीनं मान वर केली, तिचं तोंड पाहिलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. तुम्हाला माहीत असेल असं वाटलं मला, वहिनी म्हणाली. पण आता अर्धं सांगून थांबता येणार नव्हतं, म्हणून तिनं खालच्या आवाजात उरलेलंही सांगितलं. बाबा खाली गाडी घेऊन थांबले होते. दादा एक मजला उतरला आणि त्याचे पायच चालेनात. बाबांनी दोन हाका मारल्या आणि ते एकटेच गेले. दादा परत वर येऊन काकूंच्या दाराबाहेर पायरीवर बसला. आतून खेळण्याचा आवाज येत होता. तो आवाज चालू होता तोवर बरं वाटत होतं, मध्येच थांबला की आता ही बाहेर येईल आणि विचारेल असं वाटायचं, असं त्यानं लग्नानंतरच्या वर्षी वहिनीला सांगितलं होतं. बाबांनी तो विषय पुढं कधी काढला नाही. संध्याकाळी बहिणीला काय सांगायचं ते त्यानं त्या पायरीवर बसून ठरवलं होतं. दादा हे सगळं ऐकत होता. त्यानं डावा हात वहिनीच्या हातातून काढून घेतला आणि मांडीवर पालथा ठेवला. दोन नखं कापायची राहिली होती. त्या दिवशी ते खेळले नाहीत. ती काहीतरी निमित्त सांगून निघाली.

शनिवारी तिनं दोन काचा वाया घालवल्या. एका बाईंच्या उजव्या डोळ्याची काच डाव्या बाजूच्या मापानं घासली, आणि तिच्या जागी दुसरी घेतली तर तिची कड उडवली. मास्तर उठले आणि त्यांनी चाकाचं बटण बंद केलं. ती स्टुलावर बसून राहिली. शांत दिसत होती, झोपल्यासारखी. चौतीस वर्षं हे एक वाक्य तिच्यापाशी होतं. तिच्या डोळ्यांसमोर आईचा शेवटचा चेहरा होता तो या एका वाक्यातूनच बनलेला. तोही, नाकाड्या आणि खाकरणाऱ्या म्हाताऱ्यासारखा, दादानं तिला वाचून दाखवला होता. तिला राग यायला हवा होता. ती रागाची वाट बघत बसली आणि रागाऐवजी दुसरंच काहीतरी वर आलं. ते तिला नवीन नव्हतं. ते कायम तिथंच होतं. त्याच्यावर ती इतकी वर्षं तो गुरुवार घट्ट धरून बसली होती, एखाद्या झाकणावर बसावं तशी. त्याच्या आधीचा रविवार. दवाखान्यात एका वेळी एकाच मुलाला सोडायचे. पाळी दादाची होती, पण त्याला खोकला झाला होता आणि खोकणाऱ्याला आत घेत नसत, म्हणून बाबांनी हिला नेलं. आईनं हिच्याशी गप्पा मारल्या आणि निघताना हिचं मनगट धरून म्हणाली, दादाला म्हणावं, खोकला असू दे, बुधवारी शाळा बुडवून ये. मला त्याला बघायचंय. सांगशील ना? ही हो म्हणाली. वाटभर पाठ करत आली. घरी आली तर दादा सहावं गाव एकटाच ओलांडून गेला होता. सहाव्या गावात कोण भेटतं ते दोघांनी मिळून बघायचं ठरलेलं होतं. तो म्हणाला, तू नव्हतीस, मग मी काय करू. तिनं मनाशी ठरवलं, सांगणारच नाही, बस. सोमवारी राग तसाच होता. मंगळवारी दादानं तिला खेळायची आपली पाळीसुद्धा दिली आणि ती खेळण्यात रमून गेली. बुधवार आला नि गेला. आई त्या बुधवारी दाराकडे किती वेळ बघत राहिली असेल, हा विचार तिच्या मनात पहिल्यांदा आला तेव्हा ती सोळा वर्षांची होती. त्यानंतर तिनं तो येऊ दिला नव्हता.

रविवारी ती गेली. वहिनी बाजारात निघाली होती. या दोघांना मुद्दाम एकटं सोडतेय असं तिनं दाखवलं नाही. दादानं स्वतःच खेळणं पुढं केलं. दोघांचे अंगठे आपापल्या जागी गेले. पहिलं गाव, दुसरं, खाकरणारा म्हातारा. दादा वाचत होता, फलाट, फलाट, आणि ती अर्थ सांगत होती. तिला वाटत होतं, न सांगताही चालेल. त्याला आता कुठं हसू यायला लागलंय. त्याच्या डोक्यात आधीच एवढी पडझड झालीय, त्यात हे कशाला टाकायचं. तो रागावला तर त्याला शब्दसुद्धा नाहीत. आणि लगेच वाटत होतं, शब्द नाहीत म्हणूनच तर मला आज धीर होतोय, आणि ही केवढी हलकट गोष्ट आहे. ते सहाव्या गावात शिरले. इतक्या लांब ते पहिल्यांदाच आले होते. गावाच्या वेशीवर एक बाई उभी होती, तिच्यासमोर चिचुंद्री थांबली, ओळी उमटल्या. दादानं नख ठेवलं.

“दादा,” ती म्हणाली, “आईनं तुला बुधवारी बोलावलं होतं. मी तुला सांगितलं नाही.”

त्याचं नख तिथंच राहिलं. मग तिनं सगळं सांगितलं. खोकला, मनगट, शाळा बुडवून ये, मला त्याला बघायचंय. सहावं गाव तू एकट्यानं ओलांडलंस म्हणून मला राग आला होता, हेही सांगितलं. सांगताना ते कारण इतकं बारकं वाटलं की तिला ते दोनदा सांगावं लागलं. ती तुझी वाट बघत होती आणि तुला कळलंच नाही, ती म्हणाली. आणि मी तुलाच धरून बसले एवढी वर्षं. दादा पडद्याकडेच बघत होता. त्याला किती कळलं हे तिला कळेना. मग त्याचा डावा हात खेळण्याच्या वरच्या कडेला गेला आणि त्यानं बटण सरकवलं. हिरवा उजेड गेला. सहा गावं गेली. त्यानं खेळणं गादीवर ठेवलं, भिंतीकडे तोंड केलं, आणि मोठ्यानं, घोषणा करावी तसा, एकदाच म्हणाला, “फलाट.” ती त्याच्या पाठीशी वहिनी येईपर्यंत बसून राहिली. पाठ हलत होती की नाही, तिनं पाहिलं नाही.

पुढचे अकरा दिवस ती रोज गेली. तो खेळण्याला हात लावेना. तिच्याकडे बघेना असं नाही. बघायचा, पण ओळख नव्यानं करून घेत असल्यासारखा बघायचा. वहिनीनं विचारलं, काही झालं का? ती म्हणाली, झालं. वहिनीनं पुढं विचारलं नाही, चहाचा कप तेवढा तिच्या हातात दिला. ती दादाच्या उजवीकडे बसायची, मग लक्षात आलं की उजवीकडे बसलं तर त्याला आपण दिसतच नाही. न दिसण्याची सोय तिला बरी वाटली होती. ती उठून डावीकडे बसायला लागली.

बाराव्या दिवशी व्यायामशाळेची पाळी होती, जिथं त्याला दांड्यांना धरून चालायला शिकवत. वहिनीला बरं नव्हतं म्हणून ती दुकानातून रजा घेऊन त्याला घेऊन गेली. दांड्यांमधून त्याच्या चार फेऱ्या झाल्या. शिकवणारा तरुण म्हणाला, आज काठी घेऊन त्या खिडकीपर्यंत जाऊन बघा, तिथं बाक आहे. त्यानं काठी पुढं केली. दादानं काठी घेतली नाही. डावा हात उचलून तिच्या खांद्यावर ठेवला. ठेवला म्हणजे टाकला. सगळं वजन त्या हातातून आलं आणि तिचा गुडघा क्षणभर वाकला. तरुण म्हणाला, तुम्हाला झेपेल का? ती हो म्हणाली. ते निघाले. एक पाऊल, मग ओढून आणलेलं दुसरं. त्याचा श्वास तिच्या कानाशी लागत होता. बाकापर्यंत पोचायला त्यांना बराच वेळ लागला आणि बसल्यावरही दादानं हात काढला नाही. खिडकीबाहेर कुणीतरी चादरी वाळत घालत होतं. दादाचं तोंड हलायला लागलं. गाल आत ओढला गेला, जीभ दातांना लागली, काहीच आलं नाही. त्यानं डोळे मिटून पुन्हा जोर केला. ती वाट बघत होती त्या नेहमीच्या शब्दाची.

“कशी,” दादा म्हणाला.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो शब्द त्यालाही अनोळखी वाटला असावा, कारण तो घाबरल्यासारखा थांबला. मग त्यानं बोटांनी तिचा खांदा दाबला. “कशी. कशी.”

तेव्हा तिला कळलं तो काय विचारतोय. त्यानं आईला खोकल्याच्या त्या रविवारच्याही आधीपासून पाहिलं नव्हतं. बाबाही गेल्यावर, तिला शेवटच्या दिवसांत पाहिलेलं घरचं माणूस जगात एकटी हीच उरली होती.

ती सांगायला लागली. त्या मोठ्या खोलीच्या दारातून आत गेलं की डावीकडचा तिसरा पलंग. आईचे केस कापले होते, मुलासारखे बारीक, मला आधी ओळखूच आली नाही, मी दुसऱ्याच बाईंकडे चालले होते, तर हाक मारून हसली. हाताला सुई होती ना, म्हणून स्वेटर उलटा घातला होता, बटणं पाठीवर. म्हणाली, बघ, मी आज उलटी आलेय. नर्सबाईंनी बाबांना आजोबा म्हटलं होतं सकाळी, ते तिनं मला कानात सांगितलं आणि बाबांकडे बघून पुन्हा हसली, मग तिला धाप लागली. बारीक झाली होती, पण डोळे नेहमीसारखेच होते. पाय पांघरुणाबाहेर काढून बसली होती, उकडतंय म्हणाली. आणि तू काय करतोस विचारलं. मी म्हटलं, मला जपानी वाचून दाखवतो. तर म्हणाली, त्याला कुठलं जपानी, मनचं सांगतो तो. पण छान सांगत असेल. असं म्हणाली.

ती थांबली. याच्यापुढं फक्त ते मनगट धरणं होतं, आणि ते तिनं त्याला आधीच सांगितलं होतं. दादाचे डोळे भरून वाहत होते आणि उजव्या गालावरचं पाणी त्याला कळत नव्हतं. तिनं ओढणीच्या टोकानं ते टिपलं. बाहेरच्या चादरी घालून झाल्या होत्या. दादानं खांद्यावरचा हात खाली आणला, तिचं मनगट शोधलं आणि त्यावर दोनदा बोट आपटलं, पुढची गाडी सोडा म्हणून सांगावं तसं. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

तिनं पुन्हा त्या दारापासून सुरुवात केली.